इलेक्ट्रॉनिक्सच्या कौशल्य स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांची तयारी कशी करून घ्यावी

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक शिकणारा मुलगा असो की पॉलिटेक्निकमधली मुलगी, सोल्डरिंग बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती बंद पडलेला बोर्ड समोर आला की. हाताला येईल ते बदलून बघायचं, ही वर्षभर लागलेली सवय तिथे नडते. म्हणून तयारीचा मोठा वाटा फॉल्ट शोधण्याला द्या, असं माझं ठाम मत आहे.

आधी स्पर्धा समजून घ्या. इंडियास्किल्सची राष्ट्रीय फेरी मे २०२४ मध्ये नवी दिल्लीच्या यशोभूमीत झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या लियाँला जागतिक स्पर्धा, म्हणजे वर्ल्डस्किल्स, भरली. तिथे इलेक्ट्रॉनिक्समध्ये तीन गोष्टींचा कस लागतो: सर्किट आणि पीसीबीची (छापील सर्किट बोर्डाची) रचना, मायक्रोकंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग, आणि दोष शोधून दुरुस्ती व मोजमाप. जिल्हा किंवा राज्य पातळीवर स्वरूप वेगळं असू शकतं, त्यामुळे त्या वर्षाची नियमावली आणि वयाची अट पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांसोबत बसून वाचा. गुण कशाला आहेत हे त्यांना पाठ हवं.

हात बसवणं

६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, पण आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवावी लागते. टोक पॅड आणि पिन या दोन्हींना एकदम टेकवायचं, सोल्डर जॉइंटवर द्यायचं, दोन-तीन सेकंदांत बाजूला व्हायचं. सुरुवात साध्या घटकांनी करा, मग ०८०५ आणि त्यानंतर त्याहून बारीक ०६०३ आकाराचे एसएमडी, म्हणजे थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर करायचे घटक. घटक काढण्याच्या सरावाला नवं सामान नको. भंगारातले सेट-टॉप बॉक्सचे आणि जुन्या टीव्हीचे बोर्ड पुरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठ जवळ असेल तर मुलांनाच सुटे भाग आणायला पाठवा. दुकानदाराला नेमका नंबर सांगता येणं हाही अभ्यासच. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू द्यायचा नाही.

मुद्दाम बिघडवलेला बोर्ड

यासाठी महागडं किट लागत नाही. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ च्या चार डायोडचा ब्रिज (एसीचं डीसी करणारा), १००० मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर, ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज पाचवर स्थिर ठेवणारी चिप) आणि त्याच्या ५ व्होल्टवर चालणारा ५५५ टायमरचा एलईडी फ्लॅशर. टायमरला १ किलोओहम, ६८ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड लावले की एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. ट्रान्सफॉर्मरची मेन्सची बाजू फ्यूजसह बंद डब्यात असू द्या. तिथे विद्यार्थ्याचा हात जायला नको.

आधी चालू बोर्डाची मोजमापं वहीत घ्यायला लावा. फिल्टर कपॅसिटरवर साधारण १५ ते १६ व्होल्ट डीसी मिळतात, ट्रान्सफॉर्मरवर भार कमी असेल तर थोडे जास्तही. मग मुलं घरी गेल्यावर एकेक दोष घाला.

पहिला दोष: कपॅसिटरचा एक पाय सुटा. मल्टिमीटर आता ९ ते १० व्होल्टच्या आसपास दाखवेल. दुसरा: ६८ किलोओहमच्या जागी ६.८ किलोओहम. निळा-करडा-नारिंगीऐवजी निळा-करडा-लाल, एवढाच फरक, पण एलईडी सेकंदाला सुमारे दहा वेळा फडफडतो. ‘चालतंय की, सर’ म्हणणारा विद्यार्थी इथे सापडतो.

तिसरा दोष मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ब्रिजमधला एक डायोड तोडा. एलईडी व्यवस्थित लुकलुकेल, ७८०५ पाच व्होल्ट देत राहील, मल्टिमीटरलाही फारसं काही कळणार नाही. ऑसिलोस्कोप एसी कपलिंगवर (फक्त बदलता भाग दिसेल असा) ठेवून फिल्टर कपॅसिटरवरची रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, बघितली की ती १०० हर्ट्‌झऐवजी ५० हर्ट्‌झची दिसते, दोन शिखरांत १० ऐवजी २० मिलिसेकंदांचं अंतर. आपली वीज ५० हर्ट्‌झची. पूर्ण ब्रिज दोन्ही अर्धी आवर्तनं वापरतो, तुटलेला एकच. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की ‘अपेक्षित काय होतं?’ हा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारू लागतो.

नियम एकच ठेवा आणि तो कडक पाळा: कोणता बिंदू मोजणार, तिथे किती यायला हवं आणि किती आलं, हे लिहिल्याशिवाय एकही घटक काढायचा नाही. मोजायला सुरुवात मधून करा. ७८०५ च्या आउटपुटला पाच व्होल्ट नीट असतील तर बिघाड बहुधा पुढे, नसतील तर पाठीमागे. मात्र पुढचा शॉर्टही व्होल्टेज खाली ओढतो, म्हणून पुढचा भाग सुटा करून पुन्हा मोजायला शिकवा. कंटिन्युइटी (जोड अखंड आहे का) तपासायची ती वीज बंद करून आणि कपॅसिटर डिस्चार्ज करूनच.

प्रोग्रॅमिंग आणि रचना

रोज कोऱ्या फाइलपासून एक छोटं काम, सी भाषेत, इंटरनेट न वापरता: बटणाचं डिबाउन्सिंग (एका दाबाचे अनेक संकेत गाळणं), एडीसीचं (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाचं) वाचन, टायमर इंटरप्ट (ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम), आयटूसी (दोन तारांनी जोडलेला) डिस्प्ले. पीसीबीच्या सरावाला कीकॅड (KiCad) हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी डेटाशीटला (घटकाच्या माहितीपत्रकाला) बिचकतात. त्यांना सगळी पानं वाचायला लावू नका. पिनची आकृती, कमाल मर्यादांचा तक्ता आणि नमुना सर्किट, या तीनच जागा आधी शोधायला शिकवा. बाकीचं हळूहळू येतं, आणि इंग्रजी कच्चं म्हणून कुणाला संघातून वगळू तर मुळीच नका.

सराव परीक्षा

शेवटचे काही आठवडे घड्याळ लावून पूर्ण पेपर घ्या. तपासायला दुसऱ्या संस्थेतले शिल्प निदेशक किंवा दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कुणी बोलवा, कारण आपल्या विद्यार्थ्याचं अर्धवट उत्तर आपण नकळत पूर्ण समजतो. पेपरनंतर गुण सांगण्याआधी वही उघडायला लावा आणि वेळ कुठे गेला ते त्यालाच दाखवू द्या.

पेटीत सुटी आयर्न टिप, फ्लक्स, डीसोल्डरिंग विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी), बारीक चिमटा, भिंग आणि मल्टिमीटरची जादा बॅटरी असावी. मल्टिमीटरचा आतला फ्यूज आदल्या दिवशी तपासा. तो उडालेला असला तर व्होल्टेज बरोबर दिसतं, करंट मात्र शून्य येतो, आणि विद्यार्थी नसलेला दोष शोधत बसतो.