देवळामागच्या बागेचा गळका पाट

गुहागरजवळच्या आमच्या गावात देवळामागे जुनी सामाईक बाग आहे. पोफळी, बकुळ, सोनचाफा, सगळं विहिरीवर जगतं. डोणीतून (पाण्याच्या कुंडातून) निघणारा जांभ्या दगडाचा पाट मात्र मध्येच गळायचा आणि शेवटच्या पोफळींपर्यंत पाणी पोचायचंच नाही. रविवारी श्रमदानाला येणारे आम्ही आठ-दहा जण दोन वर्षं सिमेंटच चोपडत होतो. दर उन्हाळ्यात तडा पुन्हा तिथेच.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या गवंडीकाकांना आणून दाखवलं. त्यांनी नखाने सिमेंटचं टवकं उचललं. खालचा जांभा भुगा झाला होता. "सिमेंट कडक, दगड मऊ. ते दगडालाच खातं. चुना आण रे."

छिन्नीने सगळं सिमेंट काढायला तीन रविवार गेले. इथे घाई करू नका, दगडाच्या कडा फुटतात. कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाणी घालून विझवला आणि महिनाभर पाण्याखाली ठेवला. विझताना तो उकळतो, मुलांना लांब ठेवा. मग 1 भाग चुना, 3 भाग चाळलेली नदीची वाळू. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ नंतर दगड पोखरतं. सांधे आधी भिजवले, मगच भरले. वर दोन आठवडे ओली गोणपाटं. हे काम डिसेंबरात केलं; पावसाळ्यात ओला चुना धुऊन जातो.

मे महिन्यात पाणी सोडलं तेव्हा मी त्याच्याबरोबर चालत गेलो. शेवटच्या पोफळीचं आळं भरलं, बकुळीखालची सुकलेली फुलं त्यावर तरंगत आली.