नागपूर ग्रामीणमध्ये अटक झालेल्या माणसाची नोंद कशी शोधायची

नेटवर ‘जेल रेकॉर्ड’ शोधलं की अमेरिकेतल्या काउंट्यांच्या याद्या समोर येतात. नाव टाकलं की फोटो, कलम, जामिनाची रक्कम सगळं हजर. आपल्याकडे अशी एकत्र यादी नाही. काटोल, रामटेक किंवा उमरेडकडच्या कुणाला पोलिसांनी नेलं, तर त्याची नोंद आधी ठाण्यात, मग कोर्टात आणि शेवटी कारागृहात सापडते. तिन्हीकडे नुसतं नाव सांगून फारसं हाती लागत नाही. ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष एवढं हातात असलं की पुढचं काम अर्धं होतं.

आधी ठाणं पक्कं करा

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. तालुका एक असला तरी ठाणी दोन-तीन असतात. काटोल तालुक्यातलं गाव काटोल ठाण्यात असेल किंवा कोंढाळीत. नरखेड तालुक्यात नरखेड आणि जलालखेडा, सावनेरमध्ये सावनेर, खापा, केळवद, रामटेकमध्ये रामटेक आणि देवलापार, मौद्यात मौदा आणि अरोली, कुहीत कुही आणि वेलतूर. गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत आहे, हे पोलीस पाटलांना विचारावं. एका फोनचं काम आहे.

दुसरा घोळ शहर-ग्रामीणचा. कामठी आणि हिंगणा महसुली हिशेबात ग्रामीण तालुके, पण कामठीची जुनी-नवी दोन्ही ठाणी आणि हिंगणा ठाणं नागपूर शहर पोलीस आयुक्तालयात येतात. त्यामुळे ‘नागपूर ग्रामीण’ निवडून कामठीचा गुन्हा शोधला तर रात्रभर शोधूनही सापडणार नाही. रेल्वे स्टेशनवर किंवा गाडीत पकडलं असेल तर नोंद लोहमार्ग पोलिसांकडे, त्यांचं युनिट वेगळं.

आणि पकडणारे पोलीसच होते ना, हेही विचारा. मोहाची दारू पकडली तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे लोक असू शकतात. पेंचच्या बाजूला रानडुकराच्या शिकारीत नेलं असेल तर वन विभाग. वनगुन्ह्यात ठाण्याचा एफआयआर नसतो. वन परिक्षेत्र कार्यालयात पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाटतो आणि आरोपीला तिथूनच कोर्टात नेतात. अशा माणसाचं नाव पोलिसांच्या पोर्टलवर शोधण्यात अर्थ नाही, सरळ परिक्षेत्र कार्यालय गाठावं.

एफआयआर काढणं

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफआयआर बघता येतात. जिल्हा, ठाणं आणि तारखेपासून-तारखेपर्यंतचा काळ निवडायचा. घटनेची नेमकी तारीख माहीत असली तरी पुढचे चार-पाच दिवस धरूनच शोधा, कारण घटना आणि गुन्हा दाखल होणं यात बरेचदा अंतर पडतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालात एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायला सांगितलं आहे. नेटवर्कची अडचण असेल तर ४८ तास आणि दुर्गम भागात फार तर ७२ तास. म्हणून पहिल्या दिवशी दिसला नाही तर लगेच संशय घेऊ नका, तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवादाची प्रकरणं पोर्टलवर येतच नाहीत. एखादा गुन्हा संवेदनशील ठरवून रोखायचा असेल तर तो निर्णय पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा असतो. हा निर्णय पटत नसेल तर पोलीस अधीक्षकांकडे निवेदन देता येतं.

पीडीएफ उघडली की रकाना ७ बघा, आरोपीचा. चोरी-घरफोडीच्या गुन्ह्यात तिथे बहुतेक वेळा ‘अज्ञात’ लिहिलेलं असतं. एफआयआर दाखल झाला त्या दिवशी जे माहीत होतं तेवढंच त्यात येतं. नंतर अटक झालेल्याचं नाव त्याच कागदात मागून घुसडलं जात नाही. त्यामुळे ‘एफआयआरमध्ये नाव नाही, म्हणजे सुटला’ हा निष्कर्ष चुकीचा. रकाना १३ मध्ये तपास कोणाकडे दिला ते असतं. ते नाव टिपून ठेवा, ठाण्यात गेल्यावर ‘तपासी अंमलदार कोण?’ असं विचारायची गरज उरत नाही. दुसऱ्या ठाण्यात शून्य नंबरने नोंदवलेला गुन्हा हद्दीच्या ठाण्यात आला की त्याला नवा नंबर पडतो. जुना नंबर घेऊन फिरू नका.

आरोपी किंवा त्याच्या वतीने कुणी ठाण्यात किंवा अधीक्षक कार्यालयात अर्ज केला आणि नकलेची फी भरली तर २४ तासांत प्रत द्यावी, असं त्याच निकालात म्हटलं आहे. फिर्यादीला प्रत फुकट मिळते.

अटकेची नोंद

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावायचं असतं. त्यासाठी नेमलेला अधिकारी सहायक पोलीस उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही. ठाण्यात गेल्यावर ‘कलम ३७ चे अधिकारी कोण आहेत?’ एवढं शांतपणे विचारा. ‘साहेब बाहेर गेलेत’ हे उत्तर मिळालं तर ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीतली अटकेची नोंद आणि वेळ विचारा. वेळ महत्त्वाची, कारण अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं (कलम ५८).

नातेवाइकांना दोन गोष्टी कायद्याने मिळतात. कलम ४८ प्रमाणे अटकेची आणि कुठे ठेवलं आहे याची माहिती नातेवाईक, मित्र किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला दिली पाहिजे. कलम ३६ प्रमाणे अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते. गावात ती सही बहुधा पोलीस पाटलाची किंवा सरपंचाची. त्यांना विचारलं तर वेळ आणि ठाणं दोन्ही कळतं.

इथे अडचणी या येतात. पहिली, ‘चौकशीला आणलंय’. स्थानिक गुन्हे शाखेने, म्हणजे एलसीबीने, उचललं असेल तर माणूस आधी नागपूरला त्यांच्या कार्यालयात असतो आणि अटक नंतर संबंधित ठाण्यात दाखवली जाते. काटोल ठाण्यात ‘आमच्याकडे नाही’ म्हणतात ते त्या क्षणी खरंही असू शकतं. दुसरी, सगळ्या ठाण्यांत कोठडी नसते. अटक एका ठाण्याची आणि माणूस शेजारच्या ठाण्याच्या लॉकअपमध्ये, असं होतं, बायांच्या बाबतीत तर जास्तच. तिसरी, कलम ३५ ची, म्हणजे बोलावल्यावर हजर राहण्याची, नोटीस देऊन सोडलं असेल तर अटकच झालेली नाही. मग अटकेच्या यादीत नाव कुठून येणार?

ग्रामीण भागात सगळ्यात जास्त निसटते ती प्रतिबंधक कारवाई. पोळा-मारबत, निवडणूक, दोन घरांतलं भांडण अशा वेळी कलम १७० खाली उचलतात आणि कलम १२६ ची केस होते. ती दिवाणी-फौजदारी कोर्टात जात नाही, तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांसमोर चालते. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातली प्रकरणं शोधायच्या सरकारी वेबसाइटवर, तिचा पत्ता लागत नाही. तहसील कार्यालयात फौजदारी लिपिकाकडे चौकशी करा.

कोर्टात शोधताना

आरोपी कोर्टात उभा राहिला की दोनच शब्द ऐकू येतात, पीसीआर आणि एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, माणूस ठाण्याच्या लॉकअपमध्येच. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, माणूस कारागृहात. कोंढाळीचा आरोपी काटोलच्या कोर्टात, देवलापारचा रामटेकच्या. रविवारी किंवा सुटीच्या दिवशी मात्र ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांची ड्युटी असेल तिकडे नेतात. त्यामुळे सोमवारी ‘आमच्या कोर्टात आणलाच नाही’ हे उत्तर मिळू शकतं.

ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून ‘एफआयआर नंबर’ या पर्यायात जा. ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष भरा. नंबरच्या आधी शून्य लावू नका, १२३ म्हणजे १२३. प्रलंबित आणि निकाली दोन्ही प्रकार तपासा. एकदा प्रकरण सापडलं की १६ अक्षरांचा सीएनआर नंबर लिहून ठेवा. नागपूर जिल्ह्याचा सीएनआर ‘एमएचएनजी’ने सुरू होतो, आणि त्या एका नंबरवर पुढच्या तारखा, आदेश सगळं कळत राहतं.

काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत मूळ केसला नंबर पडत नाही. तोवर दिसला तर जामीन अर्ज दिसतो. त्यासाठी तालुका कोर्टाबरोबर नागपूरचं जिल्हा व सत्र न्यायालयही तपासा, आणि तिथेही फेटाळला असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्राची मुदत गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवस.

नावाने शोधायचं झालंच तर स्पेलिंग बदलून बघावं लागतं. विदर्भात वानखडे आणि वानखेडे दोन्ही आहेत, उईके इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहितात. पूर्ण नावापेक्षा आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं आणि वर्ष टाकलं की जास्त सापडतं. नावं मात्र सारखी असतात. वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नका.

आदेशाची प्रमाणित नक्कल हवी असेल तर नक्कल विभागात अर्ज. पक्षकाराला सरळ मिळते. त्रयस्थाला कारण लिहून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते.

कारागृह

एमसीआर झाल्यावर ग्रामीणचे बहुतेक पुरुष कच्चे कैदी वर्धा मार्गावरच्या नागपूर मध्यवर्ती कारागृहात येतात. संध्याकाळी उशिरा एमसीआर मिळाला तर त्याच दिवशी आत नोंद होईलच असं नाही, दुसऱ्या दिवशी विचारा. ई-प्रिझन्सच्या पोर्टलवर ई-मुलाकात आहे, पण ती भेटीची नोंदणी आहे, कैद्यांची यादी नव्हे. तिथे कैद्याचं नाव, वडिलांचं नाव, वय आणि कारागृह तुम्हालाच भरावं लागतं. फाटकावर किंवा मुलाखत कक्षात चौकशीला जाताना स्वतःचं आधार कार्ड आणि एका कागदावर कैद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, ठाणं, गुन्हा नंबर आणि एमसीआरची तारीख लिहून न्या. फोनवर माहिती मिळेल या भरवशावर राहू नका.

१८ वर्षांखालचा मुलगा या सगळ्या मार्गाने सापडणार नाही. तो बाल न्याय मंडळासमोर जातो, निरीक्षण गृहात राहतो, आणि त्याची ओळख जाहीर करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव उघड केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली २ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एफआयआरची पीडीएफ ढकलणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

माहिती अडली तर

नागपूर ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘अमुकला का पकडलं?’ असं विचारलं तर अर्ज परत येतो. ‘अमुक ठाण्यात अमुक तारखांदरम्यान कलम ३७ खाली प्रदर्शित केलेल्या यादीची प्रत’ असं मागा. प्रतीचे पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, पण माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. ते अर्जाच्या वरच ठळक लिहा, नाहीतर अर्ज साध्या ढिगात जातो. माणूस कुठे आहे हेच कळत नसेल तर अर्जाची वाट बघू नका, १५१०० वर विधी सेवेला फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. वकील फुकट मिळतो.

ई-कोर्ट्सवर ‘जामीन मंजूर’ दिसतंय आणि माणूस घरी नाही, असंही होतं. बहुतेक वेळा जामीनदार अडकलेला असतो: सातबारा जुना, त्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं, किंवा जामीनदार तारखेला आलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाप्रमाणे जामीन मिळून ७ दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. आठव्या दिवशी आदेशाची प्रत घेऊन प्राधिकरणाच्या कार्यालयात जा आणि कारागृहाकडून कळवणं आलं का ते विचारा.