काल्पनिक जगाची खाद्यसंस्कृती: आधी टंचाई ठरवा
भूमिका-खेळासाठी, म्हणजे खेळाडू पात्रे होऊन गोष्ट पुढे नेतात अशा खेळासाठी, काल्पनिक जग रचताना पदार्थांची नावे शोधत बसण्याआधी तेथे कोणत्या महिन्यांत काय मिळत नाही, हे ठरवावे. कोकणात पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून कोळी लोक बोंबिलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते आधीच बांबूच्या दांड्यांवर वाळवून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतात. साठवण आणि सण दोन्ही त्या एकाच अडचणीभोवती गुंफलेले आहेत. तुमच्या बंदरातील खाणावळवालीने अशा काळात ताजा मासा मागणाऱ्या परक्या योद्ध्याला भरल्या ताटावरून उठवले, तर तेथील रूढी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मिरची मात्र जपून वापरावी: ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांमार्फत आपल्याकडे आली, तेव्हा तुमच्या जगात दूरचा सागरी व्यापारच नसेल तर तिखटाचे काम मिरीवर भागवावे.