जीपीकडे फोन करताना: 'डॉक्टरच द्या' म्हणण्याआधी

मी इंग्लंडमध्ये एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला आहे. सकाळी आठला फोन सुरू होतात. मराठी आडनाव दिसलं की पुढचं वाक्य मला पाठ असतं: "पॅरामेडिक नको हो, डॉक्टरच द्या." अॅम्ब्युलन्समधला माणूस दवाखान्यात काय तपासणार, ही त्यामागची शंका.

बरंच काही तपासतो. छातीत कफ, अचानक चढलेला ताप, चक्कर, घराबाहेर पडू न शकणाऱ्या आजोबांची घरी जाऊन तपासणी, ही त्याची रोजची कामं. एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय इथे कुणाला स्वतःला पॅरामेडिक म्हणवता येत नाही. २०१९ पासून शेजारशेजारच्या सर्जऱ्यांच्या गटांना डॉक्टरांखेरीज अशी माणसं नेमायला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, पैसे देते. आधी फार्मासिस्ट वगैरे आले, २०२१ पासून पॅरामेडिकही.

आता फोनवर काय सांगायचं. "बरं वाटत नाहीये" एवढ्यावर मला कुणाकडेच पाठवता येत नाही. कुठे दुखतंय, कधीपासून, वाढतंय का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे सांगा. मी विचारते ते चांभारचौकशी म्हणून नाही. त्यावरच तुमचा माणूस ठरतो. नाजूक बाब असेल तर "खासगी आहे" म्हणा, मी पुढे खोदत नाही. गुडघा किंवा कंबर असेल तर बऱ्याच सर्जऱ्यांत थेट फिजिओ मिळतो, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचा हात डॉक्टरांपेक्षा जास्त बसलेला असतो. गोळ्यांचा मेळ बसत नसेल तर फार्मासिस्ट. घसा दुखतोय? आमच्याकडे येऊच नका, जवळच्या केमिस्टकडे जा. फार्मसी फर्स्ट या एनएचएसच्या योजनेत तोच तपासतो आणि गरज असेल तर औषधही देतो. छातीत कळ आली तर मात्र मला फोन करायचा नाही, थेट ९९९ या आणीबाणीच्या नंबरला.

सिक नोट (आजारपणाच्या रजेसाठी कामावर द्यायची चिठ्ठी) हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. जुलै २०२२ पासून नर्स, फार्मासिस्ट, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट ती देऊ शकतात, पॅरामेडिक नाही. पहिल्या सात दिवसांसाठी ती लागतही नाही. औषधाचंही तसंच: जादा शिक्षण घेतलेले पॅरामेडिकच प्रिस्क्रिप्शन लिहितात, बाकीचे आतल्या डॉक्टरांकडून लिहून आणतात. त्यामुळे थोडं थांबावं लागलं तर वैतागू नका.

आई-बाबा भारतातून आले असतील तर तात्पुरती नोंदणी होते, तीन महिन्यांपर्यंत, आणि जीपीची तपासणी फुकट. (हॉस्पिटलचं तसं नाही, विमा काढूनच आणा.) त्यांच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स सोबत घ्या. टेल्मा, ग्लायकोमेट ही नावं इथे कुणी ओळखत नाही. टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन आणि किती मिलिग्रॅम, हे कागदावर लिहा. इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागा, पण बुकिंग करतानाच. सुनेला सासऱ्यांच्या लघवीच्या तक्रारीचं भाषांतर करायला लावणं दोघांनाही नको असतं, हे मी काउंटरवरून रोज बघते.

आत गेल्यावर समोरच्याचा हुद्दा बेधडक विचारा, त्यात अपमान नाही. निघताना एवढं पक्कं करून घ्या: किती दिवसांत उतार पडायला हवा, आणि नाही पडला तर फोन कुणाला, आम्हाला की १११ ला (एनएचएसची तातडीच्या सल्ल्याची फोनसेवा).