टिकी बारच्या काउंटरमागचं पहिलं वर्ष

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेऊन जे-१ प्रशिक्षणार्थी व्हिसावर मी बारा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात गेले, तेव्हा टिकी बार, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या थाटात सजवलेला रमच्या कॉकटेलांचा बार, मला फक्त फोटोंतून माहीत होता. वेताच्या खुर्च्या, बांबूचं छत, लाकडी मूर्तींसारखे मग, पेल्यात कागदी छत्री. जाण्याआधी मी साठेक कॉकटेलच्या कृती पाठ केल्या होत्या. पहिला महिनाभर त्यातली एकही करायला मिळाली नाही. या कामाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचे मुख्य बारटेंडर फिलिपिनो होते, साठी ओलांडलेले. सगळे त्यांना ‘कुया’ म्हणत. टागालोगमध्ये कुया म्हणजे थोरला भाऊ, आपला दादा. त्यांनी मला रोज डायकिरी करायला लावली. रम, लिंबाचा रस, साखरेचं सिरप, बस. स्ट्रॉचं टोक बुडवून ते थेंबभर चाखायचे आणि म्हणायचे, “पुन्हा कर.” तीनच जिनसा असल्या की चूक लपवायला जागा राहत नाही. आंबट-गोडाचा तोल जिभेला कळला की उरलेल्या कृती त्याच तोलावर चढवलेले मजले आहेत, हे मला फार उशिरा उमगलं.

पेग मेजर हातात घेतल्याशिवाय ओतायचं नाही, हा पहिला नियम. तिथे सगळं औंसात चालतं. एक औंस म्हणजे आपला तीस मिलीचा छोटा पेग, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा हिशेब सोपा. ट्रेडर व्हिक, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे बारमालक व्हिक्टर बर्जरॉन, यांनी १९४४ मध्ये केलेली माय ताय घ्या: जमैकाची जुनी रम ६० मिली, ऑरेंज क्युरासाव (संत्र्याच्या सालीचं गोड मद्य) १५, बदामाचं ऑर्जा सिरप १५, साधं सिरप साडेसात आणि एका लिंबाचा रस. अननस नाही, लाल सिरप नाही. अननसाची माय ताय पुढे हवाईतल्या हॉटेलांत रुळली. पण तिकडचं आणि इकडचं लिंबू वेगळं असतं. तिथलं लिंबू मोठं, बिनबियांचं. आपलं कागदी लिंबू लहान आणि जास्त आंबट. म्हणून ‘एका लिंबाचा रस’ असं लिहिलेलं दिसलं की इथे आधी रस मोजा आणि चाखा.

सिरपची गोष्ट मुद्दाम सांगते. ते काम माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं, हे तर घरचंच. लाडवांचा पाक आईच्या शेजारी उभं राहून शिकलेला. मी साखर एकतारी होईस्तोवर उकळली आणि सकाळी बाटलीच्या तळाशी खडीसाखर जमली होती! कुया रागावले नाहीत, बाटली उजेडात धरून त्यांनी मला खडे दाखवले. बारच्या दाट सिरपला दोन भाग साखर, एक भाग पाणी. मंद आचेवर साखर विरघळली की लगेच उतरवायचं. तार येईपर्यंत पाणी इतकं आटतं की थंड झाल्यावर साखर पुन्हा खडे धरते. मात्र फॅलर्नम, म्हणजे बार्बाडोसचं लवंग, आलं आणि लिंबाच्या सालीचं सिरप, करताना घरच्या हाताचा खरोखर उपयोग झाला. लवंग किती वेळ ठेवली की कडवट उतरते, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

बर्फही जिन्नसच आहे. त्याचं पाणी पेयात उतरतं, म्हणून ते कृतीत धरलेलंच असतं. बर्फाच्या चुऱ्याबरोबर मिक्सरमध्ये पाच सेकंद फिरवायचं असेल तर पाचच.

ही सगळी शैली आली कुठून, हेही शिका, पाहुणे विचारतात. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, रम स्वस्त होती आणि अर्नेस्ट गँट यांनी हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हा बार सुरू केला. कृती चोरीला जाऊ नयेत म्हणून तिथे बाटल्यांवर नावांऐवजी सांकेतिक आकडे असत. महायुद्धानंतर पॅसिफिकमधून परतलेल्या सैनिकांमुळे आणि १९५९ मध्ये हवाई बेटं अमेरिकेचं राज्य झाल्यामुळे ही लाट शिगेला पोचली. त्याच वर्षी मार्टिन डेनींच्या वाद्यवृंदाची ‘क्वाएट व्हिलेज’ ही धून अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. व्हायब्राफोन, पियानो आणि मधूनच वादकांनी तोंडानं काढलेले पक्ष्यांचे आवाज. संध्याकाळी पहिल्या तासाला हे संगीत इतकंच लावायचं की शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता यावं.

हे पेले प्रत्यक्ष बनवणारे हात मात्र बहुतेक फिलिपिनो स्थलांतरितांचे होते आणि मेनूवर त्यांची नावं नव्हती. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ रचणाऱ्या गोव्याच्या वादकांचंही तेच झालं. नवख्यांनी ही नावं शोधून पाठ करावीत असं मला मनापासून वाटतं. आणखी एक. टिकी ही पॉलिनेशियातल्या, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या, लोकांची श्रद्धेची मूर्ती आहे. विठोबाच्या मुखाचा पेला कुणी केला तर आपल्याला काय वाटेल? मी स्वतः आता साधे काचेचे ग्लास वापरते.

व्यवहाराचं थोडक्यात: चव घ्यायची ती स्ट्रॉनं थेंबभर, कामावर प्यायचं नाही. कडक मद्यासाठी महाराष्ट्रात वयाची २५ वर्षं लागतात, कॅलिफोर्नियात २१. त्याआधी सिरप, रस, बर्फ आणि पाण्यानं मापं ओतण्याचा सराव घरी करता येतो. मी आजही करते.

परतण्याआधी कुयांनी मला लॉस एंजेलिसला, सनसेट बुलेवारवरच्या ‘टिकी-टी’त जायला सांगितलं. रे बुएन हे गँटकडे काम केलेले फिलिपिनो बारटेंडर. १९६१ मध्ये त्यांनी हा स्वतःचा बार काढला आणि तो आजही त्यांच्या घरचीच माणसं चालवतात. खोली एवढीशी. मी काउंटरला चिकटून बसले, डायकिरी मागितली आणि मापातली धार थांबेपर्यंत बारटेंडरच्या हाताकडे पाहत राहिले.