आधारची झेरॉक्स देताना या चुका टाळा

नाशिकला सिंहस्थाच्या गर्दीत पंचवटीतल्या लॉजवर उतरा किंवा सातपूर-अंबडला खोली भाड्याने घ्या, आधारची झेरॉक्स मागितली जाणारच. पाहुण्यांची नोंद ठेवणं लॉजवाल्याला भाग आहे, त्याच्याशी वाद घालू नका. चूक होते ती सगळे 12 आकडे दिसणारी प्रत देण्यात. एकदा दिलेली प्रत पुढे कोणत्या रद्दीत जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

मायआधार पोर्टलवर ‘डाउनलोड आधार’मध्ये ‘मास्क्ड’चा पर्याय निवडा. या प्रतीवर शेवटचे 4 आकडेच दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्मवर्ष. नाव आधारवर छापलंय तसंच धरा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

ही फाइल झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली की त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते. समोर उभं राहून ती डिलीट करायला लावा, रीसायकल बिनमधूनही. त्यापेक्षा एकदाच 4-5 प्रती काढून जवळ ठेवलेल्या बऱ्या. देताना ‘फक्त लॉज नोंदणीसाठी’ आणि तारीख, असं फोटोवरून आडवं लिहा. कोपऱ्यात लिहिलेलं सहज कापता येतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बायोमेट्रिक, म्हणजे आधारला नोंदवलेले बोटांचे ठसे वगैरे, लॉक न करता उघडं ठेवणं. आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीत आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा पुरतो, ओटीपी लागत नाही. क्रमांक झेरॉक्सवर मिळतो. खरेदीखतावरच्या अंगठ्यावरून सिलिकॉनचे ठसे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. शेतजमिनीचे, फ्लॅटचे व्यवहार केलेल्या प्रत्येकाने हे मनावर घ्यायलाच हवं. त्याच पोर्टलवर ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स’मध्ये जाऊन लॉक करा. त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला लागतो.

नंतर रेशन दुकानात ठसा लागला नाही आणि 330 हा एरर कोड आला, तर मशीन बिघडलेलं नाही. तुमचंच लॉक आहे. तेवढ्यापुरतं अनलॉक करा. घरातल्या आजी-आजोबांचं लॉक केलं असेल तर त्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते रिकाम्या पिशवीनं परत येतील.

पोर्टलवरच ‘ऑथेंटिकेशन हिस्ट्री’ असते. मागच्या 6 महिन्यांत आधार कुठे वापरलं गेलं ते तिथे तारीख-वेळेसह दिसतं. आपण न केलेली ठशाची नोंद दिसली तर आधी बायोमेट्रिक लॉक करा, मग खातं तपासा. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, सकाळची वाट पाहू नका.