स्पॅनिशमध्ये लिहिताना इंग्रजीला मध्ये घेऊ नका

माद्रिद किंवा बार्सिलोनात नोकरीला आलेल्या मराठी माणसाचं बोलणं आपोआप सुधारत जातं. लिहिणं मात्र अडकून बसतं, कारण ईमेलमधली चूक समोरच्याला दिसते, पण तो ती दाखवत नाही. बहुतेक चुका मराठीतून येतच नाहीत. वाक्य डोक्यात इंग्रजीत जुळवायचं आणि मग स्पॅनिशमध्ये उतरवायचं, या सवयीतून त्या येतात.

मराठीतून थेट गेलात तर अर्धी वाट आधीच चाललेली असते. आपण ‘अहवाल पाहिला’ म्हणतो, पण ‘मार्ताला पाहिलं’. स्पॅनिशही तसंच करतं: ‘वी एल इन्फोर्मे’, पण ‘वी आ मार्ता’. तो ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’. ‘मला रंग आवडतात’ याचं ‘मे गुस्तान लोस कोलोरेस’ होतं आणि क्रियापद आपल्यासारखंच रंगांप्रमाणे चालतं. ‘पाठवतो’ म्हटलं की ‘मी’ कळतो, तसं ‘एन्वीओ’ पुरेसं आहे. दर वाक्यात ‘यो’ (मी) लावणं ही इंग्रजीची खोड.

सगळ्यात मोठा फायदा सुबखुन्तीवोत, म्हणजे इच्छा-अपेक्षा दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपात आहे. ‘तिने करार पाठवावा अशी माझी इच्छा आहे’ याचं ‘किएरो के एन्वीए एल कोन्त्रातो’ होतं. दोन वेगळे कर्ते आणि दुसऱ्याकडून अपेक्षा, म्हणजे आपला ‘-आवा’ आला की बहुधा सुबखुन्तीवो. ‘मला जावं लागतं’ इथे मात्र तो नियम लावू नका, तिथे साधं ‘तेन्गो के इर’. अनोळखी माणसाकडे काही मागताना ‘ले आग्रादेथेरिया के मे एन्व्यारा एल कोन्त्रातो’ (‘करार पाठवलात तर आभारी होईन’) हा साचा पाठच करून ठेवा.

लिंगाच्या बाबतीत मराठी कधी कधी दगा देते. ‘समस्या’ आपल्याकडे स्त्रीलिंगी, ‘प्रोब्लेमा’ शेवटी ‘आ’ असूनही पुल्लिंगी, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सापळा. सिस्तेमा, प्रोग्रामा आणि तेमा याच घरातले.

शब्दांत इंग्रजी कुठे शिरते ते पाहा. ‘एवेन्तुआल्मेन्ते’चा अर्थ ‘शेवटी’ नाही, ‘प्रसंगी, कदाचित’ असा आहे. ‘काम अखेरीस पूर्ण होईल’ असं कळवायला तो वापरलात, तर ग्राहकाला ‘झालं तर होईल’ असं वाचायला मिळतं. नोकरीसाठी अर्ज करणं म्हणजे ‘सोलिथितार’; ‘आप्लिकार’ नको. ‘बियोन’ म्हणजे इंग्रजी बिलियन नव्हे. बियोन हा एक लाख कोटी. शंभर कोटींना ‘मिल मियोनेस’ म्हणतात. आपल्या लाखासाठी ‘थिएन मिल’, कोटीसाठी ‘दिएथ मियोनेस’.

आकड्यांत स्पेनमध्ये दशांशाला स्वल्पविराम लागतो. बिलावर ‘१,२५०’ लिहिलंत तर स्पॅनिश डोळ्याला सव्वा दिसतो. हजारासाठी टिंब टाकायची जुनी पद्धत अजून सर्रास चालते. रेआल आकादेमियाचा, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या अधिकृत अकादमीचा सल्ला मात्र मोकळी जागा सोडण्याचा आहे, आणि चार आकडी संख्येत तीही नको: १२५०,५० आणि १२ ५००,७५.

तिल्दे, म्हणजे स्वरावरची तिरकी रेघ, ही शोभा नाही. ‘पागो’ म्हणजे ‘मी भरतो’ किंवा ‘भरणा’. शेवटच्या स्वरावर तिल्दे दिला की ‘त्याने भरले’. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष लिहिताना न वरची नागमोडी रेघ राहिली तर वयाच्या वाक्याचं काय होतं ते शब्दकोशात पाहा, इथे लिहिणं बरं दिसणार नाही. मोठ्या अक्षरांनाही तिल्दे लागतो. संगणकात स्पॅनिश कीबोर्ड जोडून घ्या. कामचलाऊ म्हणून आल्ट दाबून १६४ टाइप केलं की विंडोजवर ते न अक्षर येतं, १६८ ला उलटं प्रश्नचिन्ह.

ईमेलच्या संबोधनानंतर स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम: ‘एस्तिमादा सेन्योरा गार्थिया:’. पुढची ओळ मोठ्या अक्षराने सुरू होते. ‘ओला, मार्ता:’ यात नावाआधीचा स्वल्पविरामही हवा. वार आणि महिने लहान अक्षरात. ‘सेन्योर’पुढे दोन आडनावांपैकी पहिलं लागतं, ‘दोन’ या आदराच्या उपाधीपुढे नाव. स्वतःचा अर्ज भरताना पासपोर्टवरचं आडनाव ‘प्रिमेर आपेयिदो’त (पहिलं आडनाव) टाका आणि दुसऱ्या आडनावाची जागा रिकामी सोडा. तिथे वडिलांचं नाव घातलंत तर पुढच्या प्रत्येक कागदावर ते आडनाव म्हणून मागे लागतं.

‘तू’ हा शब्द दोन्ही भाषांत तूच आहे, पण मराठी संकोच इथे फार चालत नाही. स्पेनच्या बऱ्याच कार्यालयांत साहेबालाही तू म्हणतात. सरकारी खातं, वकील किंवा नवा वयस्क ग्राहक असेल तर ‘उस्तेद’ (आपण) धरा, आणि एकदा धरलंत की ‘तू’ मिसळू नका. ‘उस्तेद’बरोबर ‘तू’चं क्रियापद लागलं की ‘आपण येतोस का’ असं ऐकू येतं.

सरकारी अर्जात ‘एक्सपोने’खाली हकीकत आणि ‘सोलिथिता’खाली मागणी लिहायची असते. मागणी हकिकतीत बुडवू नका, एका वाक्यात मांडा. अर्जात त्रुटी निघाली तर २०१५ च्या ३९ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे दुरुस्तीला सर्वसाधारणपणे दहा कामाचे दिवस मिळतात. शनिवार त्यात धरत नाहीत, आणि मोजणी सूचना मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून होते. मात्र त्या खात्यांची शैली उचलू नका. ‘एल मिस्मो’ (‘तोच’) सर्वनामासारखा वापरण्याची आणि नंतर घडलेल्या गोष्टीला हेरुंदियो (क्रियापदाचं ‘-आन्दो’, ‘-येन्दो’ रूप) लावण्याची खोड तिथूनच लागते.

शंका आली तर आकादेमियाचा शब्दकोश आणि शंकानिरसनाचा ‘पानइस्पानिको’ कोश (पहिली आवृत्ती २००५) जालावर फुकट आहेत. ताज्या शब्दांसाठी फुंदेऊ या भाषासल्ला देणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ पाहा. महत्त्वाचं पत्र पाठवण्याआधी त्यातली क्रियापदं तेवढी वेगळी वाचा: कर्ता कोण, काळ कोणता. ‘आज पाठवलं’ला ‘ए एन्व्यादो’ आणि ‘काल पाठवलं’ला ‘एन्व्ये’, हा भेद स्पेनमध्ये पाळतात.

नागरिकत्वासाठी भाषेपुरता देले या स्पॅनिशच्या परीक्षेचा ए२ हा प्राथमिक स्तर पुरतो, पण त्यावर कार्यालयातला अहवाल लिहिता येत नाही. त्यासाठी सी१ हा प्रगत स्तर धरून चाला. एस्कुएला ओफिथियाल दे इदिओमास या सरकारी भाषाशाळेमध्ये तो वर्ग खाजगी शिकवणीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, फक्त प्रवेशाची मुदत गावोगावी वेगळी असते, तेव्हा ती उन्हाळ्याआधीच पाहून ठेवा.